चाळिसावी गाठ

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. पोरांना न्हाई, भावाला न्हाई, देवापुढंबी न्हाई. कौसा—माझी बायको—जाऊन दोन महिने झाले. सांगायचं होतं तिला. राहिलं. आता तुम्हाला सांगायलोय, तर मधी थांबवू नका—थांबलो की पुन्हा गप बसंन.

निजामाचं राज होतं. आमचं गाव चारठाण्यापासून दोन कोसांवर. मी असंन चौदा-पंधरा वर्षांचा. बाप अंबाडीच्या दोऱ्या वळायचा. गावात शाळा न्हवती. आणि एक दिवस तालीम खात्याचा—म्हंजी शाळाखात्याचा—साहेब घोड्यावर आला! काय सांगू तुम्हाला—मारुतीपुढं अख्खं गाव लोटलं. साहेबानं विचारलं, शाळंला काय काय लागंल? पाटील म्हणाला, पोरं लय हायत. पटवारी म्हणाला, कुठली लय, निम्मी ढोरामागं. दोघांची जुंपली. साहेब म्हणाला, तोंडी आकडा नको. जी पोरं खरंच येणार ती ओळीनं बसवा, एका पोराला एक गाठ मारा, दोरी माझ्याकडं धाडा. जेवढ्या गाठी तेवढ्या पाट्या, तेवढं बसायला तरट. पोरीबी धरा. आणि दोन विसा—चाळीस—भरल्या तर मास्तर एक न्हाई, दोन!

दोन मास्तर! आसपास कुठल्या गावाला होते?

दुसऱ्या दिवशी पारापाशी ओळ बसली. दोरी बापाची, गाठी मारणारा मी. काय माझा रुबाब! आया पोरांना ढकलून बसवायलेल्या, शेंबूड पुसायलेल्या. एक म्हातारी भांडायली—माझ्या नातवाची गाठ ढिली का मारली म्हणून. माझी स्वतःचीबी एक मारली. बाप मोठ्यानं मोजायला, आणि मोजता मोजता थांबला. एक कमी. फक्त एक! सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायले.

तवा कौसा पुढं आली. माझ्या मामाची पोरगी, दहा-अकरा वर्षांची, माझ्यासाठी आधीच बोलून ठेवलेली. डोक्यावरचं शेणाचं टोपलं खाली ठेवलं, हात झटकले आणि ओळीत मांडी घालून बसली.

"मार गाठ," मला म्हणली. "बघतो काय येड्यावानी?"

मी मामाकडं बघितलं. मामा म्हणाला, मार. मारली. बाप ओरडला—दोन विसा! कुणी हलगी आणली, पाटलानं गूळ वाटला. "पोरी, मास्तर तूच आणला गं गावाला," म्हणाला. मलाबी आनंद झाला—खोटं कशाला सांगू? पण माझा एक दोस्त मोठ्यानं बोलला, "आता बायकू लिहिणार, अन् हा तिची पाटी पुसणार!" सगळे हसले. तीबी हसली. ते माझ्या डोक्यात बसलं. का? कारण ते खरं होतं. ती हुशार, मी मद्दड.

दोरी जिंतूरला साहेबाच्या कचेरीत पोचवायचं काम माझ्याकडंच. वाटंत ओढ्याला पाणी प्यायलो. दोरी काढली. शेवटची गाठ तिची. इतकी घट्ट मारलेली की बोटांनी निघंना—मग दातानं सोडली. अंबाडीची धस दातात अडकली. काय होणार ते मला कळत न्हवतं का? कळत होतं. पक्कं कळत होतं.

मास्तर एकच आला. पाट्या एक कमी. पहिल्या दिवशी कौसा तेल-फणी करून, धुतलेला परकर नेसून गेली. मास्तर म्हणाला, सगळं मोजून आलंय, पोरी, पुढच्या साली बघू. तो एकटा बिचारा एका ओळीला शिकवायचा, तवर बाकीच्या ओळी धिंगाणा घालायच्या. पोळ्याच्या आत निम्मी पोरं ढोरामागं गेली. पुढं रझाकारांची धामधूम झाली आणि मास्तरबी गेला. माझ्या दोन यत्ता झाल्या. चार अक्षरं वाचता येतात ती त्याच दोन यत्तांवर.

कौसानं जन्मभर अंगठा लावला. लेकाचं पत्र आलं की मी वाचायचो. वाचून झालं तरी ती कागद हातात धरून बघत बसायची. आणि त्या दिवसाचं निघालं की असा चेहरा खुलायचा तिचा! "काय दिवस होता हो! दोन विसा म्या भरल्या!" मग साहेबाला शिव्या. "मुडदा बशिवला त्याचा, मेल्याला मोजताबी येत न्हवतं." मी मान हलवायचो. साठ वर्षं हलवली.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, नातीला तेच सांगायली होती. दम लागायला, तरी हसत हसत. नातीनं माझ्याकडं बघून विचारलं, "आजोबा, खरंच भरल्या होत्या दोन विसा?"

कौसा माझ्याकडं बघायली.

म्हणलो, "भरल्या होत्या. साहेबच चुकला."

साहेबानं बरोबर मोजल्या होत्या.