कुड्यू सरांची विचारायची रीत

कुड्यू सरांइतका सभ्य माणूस मी पाहिला नाही, आणि इतका डोक्यात गेलेलाही दुसरा नाही. नव्वदीच्या दशकात ते पुण्याकडून आमच्या डोंगरकडा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि धडा न संपवता वळण लावायलाच बसले.

"सरळ प्रश्न म्हणजे समोरच्याच्या गालात मारणं," हे त्यांचं वाक्य. तहान लागली तर ‘कुड यू प्लीज टेल मी’पासून निघायचं आणि वळसा घालत पाण्यापर्यंत पोचायचं. ‘व्हेअर इज’ म्हटलं की छडी. "‘इज’ शेवटी, गाढवा! व्हेअर द वॉटर इज!" आमच्या वर्गातल्या गणपतचं वाक्य बराबर येईस्तोवर सिद्धेश्वरचं धरण दोनदा भरून दोनदा आटलं. वर सर म्हणायचे, "तुम्हा लोकांना विचारायची रीतच नाही."

आम्हाला रीत नाही! अहो, आमच्याकडं घराबाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठं’ असं कुणी विचारत नाही. काम बिघडतं. ‘काय, लांब का?’ एवढंच म्हणायचं. सांगायचं असेल तर तो सांगतो. आमच्या बैलांनासुद्धा हे ठाऊक होतं.

ताईचं पुसेगावचं स्थळ पक्कं करायला आबा निघाले, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या एका पोरीची माणसंही त्याच दिवशी तिथं येणार होती, म्हणून पहिलीच गाडी गाठायची होती. आबांचा एक पाय एसटीच्या पायरीवर, आणि मागून सर ओरडले, "कुठं निघालात?"

आबांनी पाय मागं घेतला. घरी आले, पाणी प्यायले, घडीभर टेकले. तेवढ्यात गाडी गेली. पुढच्या गाडीनं पोचले, तर दुसऱ्या पोरीच्या नावानं सुपारी फुटून पेढे वाटून झालेले.

मी तडक सरांच्या खोलीवर गेलो. "सर, आमच्या ताईचं वाटोळं काहून केलं?"

"प्रश्न असा विचारतात?" म्हणाले. मग मी सगळं सांगितलं, आणि त्यांच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

पुढं ताई कळमनुरीला दिली. सर मात्र मी दिसलो की घसा खाकरायचे, ‘कुड यू टेल मी’पर्यंत यायचे आणि तिथंच अडकायचे. अडकेनात का! मी कशाला बाहेर काढतोय?

रिटायर होऊन गाव सोडायला निघाले, त्या दिवशी ताई माहेरी आलेली. स्टँडवर समोरासमोर गाठ पडली, तिच्या काखेत लेकरू. सरांनी हातातली ट्रंक खाली टाकली.

"कमल, सुखी आहेस का?"

ना कुड, ना प्लीज.

ताई हसली. "व्हय, सर. अन्‌ पुसेगावचा तो नवरदेव दोन बायका करून तिसरी शोधून राहिला म्हणं. आबाचा पाय मागं आला ते बेस झालं."

इतकी वर्षं मी चुलीवरच्या दुधासारखा राखलेला राग तिनं भर स्टँडवर फुकट वाटून टाकला! वर लेकरू त्यांच्याच हातात दिलं. म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. घराण्याची लाज राखली ती लेकरानंच. सरांच्या इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर त्यानं धार धरली, गळ्यापासून खिशापर्यंत.