काळ्या मुखवट्याचा दम

छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर बसणाऱ्या त्या माणसाला सगळे फूटपट्टी म्हणत. अर्ध्या मिलिमीटरवरून हा बाबा मालकाशीही भांडायचा, म्हणून. नऊ वर्षं खपून त्याने उरल्यासुरल्या पुठ्ठ्यातून एक खेळ बनवला होता. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या त्या जुन्या, नाटकी कुस्त्यांचा. झगे, मुखवटे, दोरांवरून उड्या, सगळं त्यात. एकशेबारा पत्ते, प्रत्येकावर एक पैलवान आणि त्याची ताकद, पकड, दम आकड्यांत. दोन फासे टाकायचे, कोष्टक बघायचं, डाव ठरायचा. दम संपला की पैलवान आडवा. समोरच्याने तीन मोजायच्या आत दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला तर उठला, नाहीतर गेला.

रविवारी दुपारी त्याच्या घरी खेळ रंगायचा. पण रंगवायचा कोण? थोरला साडू! लिफ्ट दुरुस्त करणारा हा गडी हातात चमचा धरून समालोचन सुरू करायचा आणि माणसं पोट धरून हसायची. कोष्टकाकडे ढुंकूनही कोणी बघायचं नाही. "काय तुमचे साडू हो!" म्हणत शेजारी घरी जायचे, आणि फूटपट्टीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नऊ वर्षं मी मरायचं आणि टाळ्या ह्याला?

त्यातच खेळण्यांच्या दुकानाचा मालक येत्या रविवारी खेळ बघायला येणार असं ठरलं. आवडला तर दोनशे डबे काढणार आणि झाकणावर बनवणाऱ्याचं नाव छापणार. फूटपट्टीला त्या एका दुपारी साडूचं तोंड बंद हवं होतं, बस्स.

साडू नेहमी एकच पत्ता घ्यायचा, काळा मुखवटा. दम आठ. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत फूटपट्टीने तो पत्ता नव्याने छापून कापला. दम तीन. हरलेल्याने टेबलावरून उठायचं, हा तर नियमच होता. पाच मिनिटांत स्वारी स्वयंपाकघरात! इतक्या वर्षांत त्याने आकड्यांत लबाडी केली नव्हती. आज केली.

रविवारी चौथ्याच फेकीला काळा मुखवटा आडवा झाला. फूटपट्टीला उकळ्या फुटल्या. "एक! दोन!" त्याने दणक्यात मोजलं. आणि साडूला पडले दोन पाच! मुखवटा उठला, लगेच पुन्हा आडवा, पुन्हा उठला. साडू खुर्ची सोडून स्वतःच जमिनीवर लोळला, कण्हला, टेबलाचा पाय धरून उभा राहिला. मेहुणी ओरडत होती, शेजारी ओरडत होते, दुकानदार तर उभाच राहिला. मुखवटा पाच वेळा उठला. सहाव्यांदा उठला नाही तेव्हा घर टाळ्यांनी दणाणलं, आणि जिंकलेल्या फूटपट्टीकडे कोणी पाहिलंही नाही.

"अहो, हीच तर खरी गंमत!" दुकानदाराने तो पत्ता उचलला. "इतका कमी दम ठेवायचं कोणाच्या डोक्यातून आलं?"

साडूने पत्ता हातात घेतला. आठाचे तीन झालेले त्याला दिसले. त्याने एकदा फूटपट्टीकडे बघितलं. फूटपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा सगळ्यांसमोर माझी अब्रू काढणार.

"कोणाच्या म्हणजे? ह्यांच्याच!" साडू म्हणाला. "मी आठ ठेवा, आठ ठेवा म्हणून मागे लागलो होतो. ऐकलं नाही माझं. मला मेल्याला कुठे कळतंय त्यातलं?"

दुकानदाराने वही काढून झाकणासाठी नाव विचारलं. फूटपट्टीने आपलं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग तो पाणी प्यायला आत गेला.

"भावोजी किती खूश झालेत बघा तुमच्यासाठी," बायको म्हणाली. "आणि तुमचंच तोंड का असं?"

"त्या जुन्या कुस्त्यांत एकजण मुद्दाम पडायचा, म्हणून दुसरा मोठा दिसायचा," तो म्हणाला. "पडणाराच खरा कसबी लागायचा."

"बरं, मग?"

बाहेर पुन्हा हशा पिकला.

"मग काय! तेही लेकाच्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं."