राही आणि अकरा टॅब

राही बुधू आगिवले हिला मी पाच वर्षं शिकवलं, असं हजेरीपटावर दिसतं. खरं सांगायचं तर गणितात तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे चौथीनंतर काही उरलं नव्हतं. फळ्यावर उदाहरण लिहून मी खडू खाली ठेवेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, पण ते ती ओरडून सांगायची नाही. शेजारच्याच्या पाटीवर हळूच लिहून ठेवायची. मी बरेचदा रागावलो. परिणाम काही नाही.

ही सवय कुठून आली ते कळायला मला वाडीवर दोन पावसाळे काढावे लागले. किन्हवलीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर आमची वाडी. तीसेक घरं आणि सातवीपर्यंतची शाळा. भाताची लावणी इथे सावडीनं होते. म्हणजे आज सगळी वाडी तुझ्या शेतात, उद्या सगळी माझ्या. आणि ज्या घरात हात कमी, त्याचं शेत पहिलं. राही दुसरीत असताना तिची आई सकुबाई अंथरुणाला खिळली होती. त्या वर्षी वाडीनं आपापली रोपं तशीच ठेवून आधी बुधूचं शेत लावून दिलं. सात वर्षांची पोर बांधावर बसून ते बघत होती, असं सकुबाईनंच मला सांगितलं. तेव्हापासून राही तेच करत आली.

ती सातवीत गेली तेव्हा मुंबईच्या एका संस्थेनं सहावी-सातवीच्या अकरा मुलांसाठी अकरा टॅब दिले. त्यांत गणिताचं सॉफ्टवेअर होतं. मुलानं आपल्या फोटोवर बोट ठेवायचं की त्याची उदाहरणं सुरू. अडलं तर टॅब पायरीपायरीनं मदत करायचा, बरोबर आलं की हिरवी खूण. कोण कुठे चुकलं, कुणी किती सोडवली, सगळं आत नोंदलं जायचं. रोज चाळीस मिनिटं, मग टॅब आपोआप बंद. शनिवारी मी सगळे टॅब पिशवीत भरून मागच्या टेकडीवर जायचो, कारण रेंज तिथेच यायची, आणि आठवड्याचा अहवाल मुंबईला पाठवायचो.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी टॅबचीही सावड करून टाकली. राही आधी प्रणयच्या टॅबवर. हा तिच्याच वर्गातला, दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाऊन महिनामहिना शाळा बुडवणारा. भागाकार म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तो भट्टीवर गेलेला असला तरी त्याच्या फोटोवर बोट ठेवून त्याची उदाहरणं सोडवायची, मग राही हर्षालीकडे, मग वाळूकडे. अशी सगळ्यांची शेतं लावून झाली की स्वतःच्या टॅबपाशी. तोवर चाळीस मिनिटं संपत आलेली. दोन उदाहरणं होतात न होतात तोच पडदा काळा. दर आठवड्याला दहा नावं हिरवी आणि राही तेवढी लाल.

मला हे ठाऊक होतं. रोज डोळ्यांनी बघत होतो. वर्गात गडबड नाही, अहवाल हिरवागार, केंद्रप्रमुखांनी बैठकीत नाव घेऊन माझं कौतुक केलेलं. मग मी कशाला तोंड उघडतोय?

मार्चमध्ये संस्थेचं पत्र आलं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या प्रत्येक टॅबवाल्या शाळेतून सातवीचं एक मूल शहापूरच्या निवासी शाळेत घेणार. बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. वशिला चालू नये म्हणून निवड टॅबच्या अहवालावरून. मी पत्र वर्गात वाचून दाखवलं. शाळा सुटल्यावर राही मागे थांबली. बारावी झाल्यावर पुढं शिकून गणिताची बाई होता येतं का, असं तिनं विचारलं. येतं की, म्हटलं. आठवीसाठी रोज किन्हवलीपर्यंत जायचं, तर बुधू तिला एकटीला पाठवणार नव्हता. ही जागा मिळाली तरच शाळा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. घरी जाऊन तिनं पत्र्याची पेटी घासली आणि उन्हात ठेवली.

अहवालाबरोबर प्रत्येक मुलाचा एक अर्ज भरायचा होता. शेवटी एक चौकट होती, शिक्षकांचा शेरा. वार्षिक परीक्षा, पोषण आहाराची माहिती, आणखी कसले कसले तक्ते, सगळं त्याच आठवड्यात येऊन पडलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत रिकामी चौकट दिसली की माझा हात आपसूक एकच शब्द लिहितो. निरंक. सातवीचे पाच अर्ज होते, पाचही ठिकाणी तो शब्द लिहून मी मोकळा झालो. शेरे वाचतंय कोण? आणि राही हुशार हे अख्ख्या वाडीला माहीत. ते मुंबईला वेगळं कळवावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नालायकपणाला दुसरं नाव नसतं.

मे महिन्यात निवड कळली. ज्याच्या टॅबवर राही रोज आधी बसायची, त्याच्याच हिरव्या खुणा सगळ्यांत जास्त. प्रणय. मी टेकडीवर धावत जाऊन संस्थेला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, अशाच गोष्टींसाठी शेऱ्याची चौकट ठेवली होती. तिथे तुम्ही निरंक लिहिलंय." मुदत संपली होती.

राहीला मी एवढंच सांगितलं की टॅबनं प्रणयला निवडलं. प्रणयच्या घरी पेटी नव्हती. संध्याकाळी तिनं आपली नेऊन दिली.

प्रणय तिथे महिनाभर टिकला. पहिल्याच चाचणीत कोरा कागद, त्यावर पोरं हसली, आणि एका सकाळी तो शहापूरहून चालत निघाला तो दिवस मावळता घरी आला. त्या पोराचंही मी वाटोळंच केलं. त्याची जागा वर्षभर रिकामी राहिली. ती राहीला द्या म्हणून मी दोनदा शहापूरला जाऊन हात जोडले, पण नियमात बसेना. दिवाळी झाली आणि राही बापाबरोबर भट्टीवर गेली.

आता ती सतरा वर्षांची आहे. मुरबाडच्या एका कंपनीत खोकी भरते. तिथेही नव्या पोरींची खोकी भरून देते आणि स्वतःची कमी पडली म्हणून बोलणी खाते, असं सकुबाई सांगते. माझी बदली झालीय. जाण्याआधी एकदा सांगून टाकायचं म्हणून गेल्या रविवारी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. राही तांदूळ निवडत होती. अर्ज, चौकट, फोन, काही लपवलं नाही. इतकी वर्षं ती समजत होती की आपणच गणितात कमी पडलो असू.

तिनं सूप खाली ठेवलं. "निरंक म्हंजे काय, गुरुजी?"

"सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"पाच वर्सं तुमच्यासमोर बसली मी," ती म्हणाली. "माझ्याबद्दल कायच नव्हतं सांगायला?"

मला रडू फुटलं. होतं, एवढंच कसंबसं म्हणालो. सकुबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. राही उठून आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.