आक्काताईंची पिशवी

कोल्हापुरात संध्याकाळी चौकात म्हैस आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. आक्काताईंचा हाच धंदा. वय बेचाळीस. दोन वर्षं पाळीत रक्त फार जाई, त्याला त्या ‘उष्णता’ म्हणत. एकदा धारेला बसल्या असतानाच चक्कर आली, तेव्हा नवरा ज्ञानू त्यांना शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

सोनोग्राफीत गर्भाशयाला, म्हणजे पिशवीला, दोन गाठी दिसल्या. साध्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त वाढवू. मग एक तर दुर्बिणीतून गाठी तेवढ्या काढायच्या. त्या परत येऊ शकतात. नाहीतर अख्खी पिशवी काढायची, म्हणजे पाळीही संपली आणि गाठींची धास्तीही. ठरवा आणि सांगा.

गल्लीत चाळिशीनंतर पिशवी काढणं हे जावळ काढण्याइतकं रीतीचं झालं होतं. सासू तानाबाईंची कधीच निघाली होती. त्यांनी विचारलं, “दोन पोरं झाली. आता ठेवून काय लोणचं घालणार हाईस?”

“सडाला गाठ आली म्हणून म्हशीची कास कापता व्हय, आत्या?”

“म्हस दूध देती,” तानाबाई म्हणाल्या.

गाठी तेवढ्याच काढायच्या, हा विचार मात्र आक्काताईंनी बदलला नाही.

तेव्हा तानाबाई मुलाला समज द्यायला गोठ्यात गेल्या. ऑपरेशननंतर काही आठवडे आक्काताईंना धारेला बसता येणार नव्हतं, आणि म्हैस दुसऱ्याचा हात लावून घेत नव्हती. त्यामुळे ज्ञानू बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन सराव करत होता. हा उपाय या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो. बोलत कुणी नाही.

तानाबाईंनी सुरुवात केली, की बायकोला जरा सांग.

“हळू बोल,” ज्ञानू म्हणाला. “पान्हा चोरंल.”

तानाबाई थांबल्या. म्हशीला घाई नव्हती. शेवटी ज्ञानू निऱ्या सावरत उठला आणि म्हणाला, “तिची हाय. ती ठरवंल की.”

लुगडं नेसलेल्या मुलाशी वाद कसा घालायचा, याचा तानाबाईंना अनुभव नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. गाठी गेल्या, पिशवी राहिली. शेजारणी बघायला आल्या, तेव्हा तानाबाईंनी त्यांना दारातच सांगून टाकलं, की पिशवी काढली. बायकांनी बरं झालं म्हटलं. आक्काताईंनी आत पडल्या पडल्या ते ऐकलं, आणि टाक्यांवर हात धरून सावकाश कूस बदलली.