राग, लोभ आणि पाळकसाहेबांचे गुरुवार

आमच्या चर्चच्या मंडळीतली जुनी माणसं हल्ली लग्नात नाहीतर दफनाला भेटतात. सलाम झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, की कुणीतरी म्हणतं, "ते गुरुवार आठवतात का?" मग एक किस्सा निघतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा, आणि पंगत उठली तरी आमचं टेबल काही उठत नाही.

गुरुवार म्हणजे मार्थाबाईंच्या घरचा बायबल अभ्यास. मार्थाबाई रिटायर्ड नर्स. कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जिना चढून वरच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. आमची मंडळी काही लुथरन पंथाची नव्हे, पण पाळकसाहेब दक्षिणेत लुथरन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकून आलेले. त्यांनी पहिल्याच गुरुवारी सांगितलं, "ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही."

शामरावांचं रंगाचं दुकान होतं. ते म्हणाले, "म्हंजे आमच्यासारख्यांची सोय हाय की."

पाळकसाहेब म्हणाले, "सोय नाही हो शामराव. रोगाचं निदान आहे."

०

शामराव फुटबॉलवेडे. एका मॅचला त्यांच्या पेठेच्या टीमनं पेनल्टी घालवली आणि शामरावांनी उभं राहून अशी शिवी हासडली की पुढच्या चार रांगा वळल्या. मागच्या रांगेला वळायची गरजच नव्हती, आणि तिथं पाळकसाहेब बसले होते.

पुढच्या गुरुवारी शामराव मान खाली घालून आले. "साहेब, चुकलं. ख्रिस्ती माणसाला एवढा राग बरा न्हवं."

"शिवी दिलीत ते चुकलं," पाळकसाहेब म्हणाले. "राग आला त्याचं काय? मलाही आला. डाव्या पायानं कशाला मारायची ती पेनल्टी?"

०

दानीएल सर हायस्कूलला गणित शिकवायचे. सगळ्या इच्छा मुळापासून उपटायच्या, असा त्यांचा सिद्धांत. एका वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांसाठी त्यांनी मटण सोडलं. कोल्हापुरात राहून, तांबडा-पांढरा रस्सा बंद.

सोडलं ते ठीक. पण ते रोज सांगायचे. आज पुतण्याकडं जेवण होतं, मी हात लावला नाही. काल शेजारून वास आला, मी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या आठवड्यात मार्थाबाई आतून म्हणाल्या, "सर, तुमच्या उपासानं आमचं पोट भरलं."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "सर, रस्सा सोडलात, पण स्वतःचं कौतुक रोज ओरपताय."

सर दोन गुरुवार आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले ते सगळ्यांसाठी मटणाचा डबा घेऊन. स्वतः मात्र ईस्टरपर्यंत खाल्लं नाही, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

०

आता माझा किस्सा. नाताळच्या उपासनेत एका गीताच्या दोन ओळी एकटीनं म्हणायच्या असतात. त्या बावीस वर्षं मी म्हटल्या. मग मंडळीत शेरॉन नावाची नवी सून आली. गोड गळा, तरुण वय. त्या ओळी तिला गेल्या.

मी पाळकसाहेबांकडं जाऊन रडले. "माझ्या मनातला हा हेवा काढून टाका," म्हटलं.

"मला काढता आला असता, तर आधी माझा काढला असता," ते म्हणाले. "तुम्ही असं करा. तिला त्या ओळी बसवून द्या."

"मनात हेवा असताना?"

"तो जाईपर्यंत थांबलात तर नाताळ निघून जाईल."

महिनाभर मी तिला शिकवलं. पेटीवर हात माझा, सूर तिचा. नाताळच्या दिवशी वरच्या सुराला ती जराशी घसरली आणि मला आनंद झाला. खरं सांगते, झाला. पुढच्या क्षणी लाजेनं मेल्यासारखं झालं. उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेबांनी हात हातात घेतला.

"दिसलं मला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी परत शिकवा."

०

शामरावांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एका गुरुवारी सगळे निघाल्यावरही ते पाळकसाहेबांपाशी बसून राहिले. मी कप गोळा करत होते, त्यांनी मला काही जा म्हटलं नाही.

"साहेब, मुरगूडला एक शिक्षिका हायत. विधवा हायत. माझ्या मनात सारखं त्यांचंच येतंय. ह्या वयात ही वासनाच म्हणायची की."

"नाव काय त्यांचं?"

"सुमनबाई."

"काय येतं मनात?"

शामरावांनी पुढ्यातला रिकामा कप माझ्याकडं सरकवला. "त्यास्नी दम्याचा तरास हाय. थंडीत एकट्या कशा ऱ्हात असतील, असं येतंय."

"मग वासना कशाला म्हणताय? जाऊन विचारा."

शामराव इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं गेले. सुमनबाईंनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. शामराव थेट पाळकसाहेबांकडं आले.

"वाटलं हुतं, इचारलं की हलकं वाटंल. लई वाईट वाटतंय, साहेब."

"वाटू दे की," पाळकसाहेब प्रथमच कोल्हापुरीत बोलले. आणि दोघं मिसळ खायला गेले.

०

पाळकसाहेबांच्या पत्नी, रूथबाई, आठ दिवसांच्या तापात गेल्या. दफनविधी पाळकसाहेबांनी स्वतः चालवला. आवाज कापला नाही. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा, सगळ्या उपासना वेळेवर. लोक म्हणायचे, काय विश्वास आहे माणसाचा.

चौथ्या गुरुवारी ते आले आणि पुस्तक उघडलंच नाही.

"मी देवावर रागावलोय," ते म्हणाले. "तीन आठवडे एकदाही प्रार्थना केली नाही. रविवारी म्हणतो ते नुसतं तोंडानं. तुम्ही मला खंबीर म्हणता, आणि मी ते ऐकून घेतो. हे मला कबूल करायचं होतं."

दानीएल सरांनी उघडलेलं बायबल परत मिटलं.

"मला क्षमेचं वचन पाहिजे. ते स्वतःचं स्वतःला सांगता येत नाही. कुणीतरी सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

दानीएल सर चाचरत म्हणाले, "साहेब, पाळकाला आम्ही कसं सांगायचं?"

"कुणाही भावाबहिणीनं सांगितलं तरी ते देवाचंच असतं, सर."

सर खाली बघत राहिले. शामराव खिडकीबाहेर. मी बायबलची पानं उलटत होते, आणि काय शोधतेय ते मला कळत नव्हतं.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. रूथबाई गेल्यापासून मार्थाबाई दर गुरुवारी पाळकसाहेबांना डबा बांधून द्यायच्या. तो आवाज थांबला. मार्थाबाई बाहेर आल्या आणि पिठाचा हात तसाच पाळकसाहेबांच्या डोक्यावर ठेवला.

"देवाच्या नावानं सांगते. तुमच्या पापांची क्षमा झाली."

पाळकसाहेबांचे खांदे हलायला लागले. आम्ही त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मार्थाबाईंनी हात काढला नाही.

"आणि राग ऱ्हाऊ दे अजून थोडं दिस," त्या म्हणाल्या. "देव कुठं पळून जात न्हाय. भाकरी गार व्हायच्या आत खावा."

थोड्या वेळानं पाळकसाहेब डबा घेऊन उठले. केसांत ज्वारीचं पीठ तसंच होतं. शामराव ते झटकायला पुढं झाले, तर त्यांनी मान बाजूला घेतली आणि तसेच जिना उतरून पेठेतून चालत घरी गेले.