भाचीच्या लॅबमधली जिवंत गाडी

मित्रांनो, आज दुपारी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

माझी भाची मुग्धा इथे इंदूरलाच एका लॅबमध्ये काम करते. आज तिने मला आणि आमच्या ह्यांना बोलावलं होतं. ह्यांचं मल्हारगंजात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरला नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे कोणतीही मशीन दिसली की ह्यांचा पहिला सवाल, "काम क्या करती है?"

टेबलावर तळहाताएवढी गाडी होती. शेजारच्या गरम पेटीत काचेची बशी आणि तिच्यात उंदराच्या मेंदूच्या जिवंत पेशी. गाडी भिंतीजवळ आली की पेशींना विजेचा हलका इशारा जातो आणि त्या जे उत्तर देतात त्यावर चाकं वळतात.

गाडी दोनदा धडकली. तिसऱ्यांदा भिंतीजवळ जाऊन थांबली आणि चक्क वळली! मी पुढे वाकून बघायला लागले.

"पण हे तर साधा सेंसर पण करेल ना?" हे म्हणाले.

"करेल की काका! आणि सेंसरला खाऊ घालावं लागत नाही," मुग्धा हसली. "प्रॅक्टिकल उपयोग अजून काहीच नाही. या पेशी महिनाभर जगल्या तरी खूप."

अडकलेल्या मोटरला हातोडीने ठोकणारा माझा नवरा एकदम हळू आवाजात म्हणाला, "आपण धडकलो, हे त्या पेशींना समजतं का गं?"

"माहीत नाही, काका. कोणालाच नीट माहीत नाही."

महिन्याभराने ती गाडी थांबेल. तेव्हा ती बंद पडली म्हणायचं, की गेली? तुम्ही काय म्हणाल?