टँकरमधली उदबत्ती

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालेली आणि माझी छाती खडीच्या धुळीनं कामातून गेलेली. शीळफाट्याच्या खाणीत ट्रक भरायचा, कल्याणला नेऊन ओतायचा, सात वर्षं हेच. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, खाण सोड, नाहीतर या खोकल्यातच जाशील. सोडून काय डोंबल करणार? गाडी हाकण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. तेवढ्यात ठाण्याजवळच्या एका पेट्रोल डेपोत टँकरला ड्रायव्हर हवाय असं कळलं. पण त्याला साधं लायसन चालत नाही. पेट्रोल वाहायची परीक्षा वेगळी, आणि डेपोवाले एका माणसाला एकदाच बसवणार.

पंधरा दिवस बायकोनं माझ्याकडून उत्तरं घोकून घेतली. ती चौथी शिकलेली, मी सहीपुरता. रिकाम्या टँकरमध्ये पेट्रोलची वाफ उरते, म्हणून तो भरलेल्यापेक्षा वाईट, हे तर मी झोपेतही सांगितलं असतं.

परीक्षेच्या सकाळी फाटकावर रखवालदारानं बिडी-काडी काढून ठेवायला सांगितली. "आपण ओढतच नाही," मी ऐटीत म्हणालो. खरंच ओढत नव्हतो. आत साहेबांना धडाधड उत्तरं दिली, रिकाम्या टँकरचंसुद्धा. साहेब खूश झालेले. एका रिकाम्या टँकरमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, चला, एक फेरी मारून दाखवा.

स्टिअरिंगसमोर कुणीतरी खंडोबाची तसबीर लावलेली. सात वर्षं रोज सकाळी देवाला उदबत्ती लावल्याशिवाय मी गाडी सुरू केलेली नाही. त्या दिवशीही बायकोनं पुडी बांधून दिलेली, काडेपेटीसकट. हात आपसूक खिशात गेला. मी काडी ओढली.

साहेबांनी ती पेटती काडी मुठीतच विझवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. भाजलेल्या तळहाताकडे बघत म्हणाले, "उतरा." स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली मला.

घरी आलो तर ही दारातच उभी. तोंड बघून समजली.

"काय आलं नाही तुम्हाला?"

"इंग्रजीत विचारलं," मी थाप मारली.

तिनं मला पाणी आणून दिलं. मग हळूच म्हणाली, "अहो, उदबत्ती तरी लावलेली ना?"

"लावलेली."

"मग आपल्या नशिबातच नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मी खडीच्या ट्रकवर निघालो तेव्हा तिनं नवी पुडी बांधून हातात दिली.